सुती कापडाचे वनस्पतीजन्य रंगकाम आणि शाश्वततेच्या अटी : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

वनस्पतीजन्य रंग हे नैसर्गिक असल्यामुळे आपोआपच पर्यावरणपूरक ठरतात, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात हा समज ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात तपासून पाहिला आहे. रंग कोठून येतो यापेक्षा रंगबंधक कोणते, पाणी व इंधन किती, वनस्पतीचा कोणता भाग घेतला आणि काम कोणत्या ऋतूत केले, या चार गोष्टींवर रंगकामाची शाश्वतता अवलंबून असते, असे येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : वनस्पतीजन्य रंग, रंगबंधक, टॅनिन, गौण वनोपज, पाणलोट क्षेत्र, हंगामी स्थलांतर.

१. प्रस्तावना

सुती वस्त्राला रंग देण्याची कला भारतात अतिशय प्राचीन आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे अवशेष सापडले. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या तंत्रप्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेत, गुलाटी व टर्नर यांनी या अवशेषांची तपासणी केली आणि १९२८ साली आपले टिपण प्रसिद्ध केले. ते कापड मंजिष्ठा वर्गातील वनस्पतीच्या रंगाने रंगविलेले असावे, असे मानले जाते. कापसाला पक्का रंग देण्याचे तंत्र सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी या उपखंडात ज्ञात होते, याचा हा पुरावा होय.

या परंपरेला उतरती कळा लागली ती एकोणिसाव्या शतकात. विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग तयार केला. १८६८ साली मंजिष्ठेतील रंगद्रव्य ॲलिझरीन प्रयोगशाळेत बनविता आले आणि १८९७ साली कृत्रिम नीळ जर्मनीतून बाजारात आली. तांबडा व निळा हे परंपरेचे दोन आधारस्तंभ अशा रीतीने चाळीस वर्षांत कोसळले. महाराष्ट्रातील रंगारी व निराळी या समाजांचा व्यवसाय हळूहळू गेला. जातिनाम व आडनाव तेवढे उरले.

पुढे कृत्रिम रंगांचेही दोष उघड झाले. कर्करोगकारक अमाइन द्रव्ये मुक्त करणाऱ्या काही ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली निर्बंध आणले, तर भारत सरकारने १९९७ साली ११२ ॲझो व बेंझिडिनयुक्त रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे झाल्यास, उल्हासनगर परिसरातील जीन्स रंगविणाऱ्या व धुणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे वालधुनी नदीची झालेली अवस्था सर्वश्रुत आहे. अशा पार्श्वभूमीवर वनस्पतीजन्य रंगांकडे पुन्हा लक्ष वळणे स्वाभाविक होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्यशिक्षणाला स्थान दिल्यानंतर नैसर्गिक रंगकाम हा विषय महाविद्यालयांच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरला आहे. तथापि, असे उपक्रम ग्रामीण भागात नेताना 'नैसर्गिक' आणि 'शाश्वत' हे दोन शब्द समानार्थी मानले जाण्याचा धोका आहे. तो टाळण्यासाठी या प्रक्रियेचे अंतरंग समजून घेणे आवश्यक आहे.

२. कापसाला रंग का धरत नाही ?

रेशीम व लोकर हे प्रथिनयुक्त तंतू असून त्यांच्यावर अनेक वनस्पतीजन्य रंग सहज बसतात. कापूस मात्र जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे. पळस, मंजिष्ठा किंवा झेंडू यांतील रंगद्रव्यांना सेल्युलोजविषयी फारशी ओढ नसते. नुसत्या काढ्यात कापड उकळले तर ते रंगल्यासारखे दिसते, पण दोन-तीन धुण्यांत रंग निघून जातो. हळद कापसाला थेट लागते खरी, तथापि उन्हात ती लवकर उडते.

या अडचणीवर पूर्वजांनी शोधलेला उपाय म्हणजे रंगबंधक. तुरटीतील ॲल्युमिनियम किंवा हिराकशीतील लोह एका बाजूने तंतूला व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला धरून ठेवते. परंतु धातूचे क्षारदेखील कापसाला पुरेसे चिकटत नाहीत. म्हणून कापडाला आधी टॅनिन देतात. टॅनिन हायड्रोजन बंधांनी सेल्युलोजला चिकटते, टॅनिनला धातू चिकटतो आणि धातूला रंग. ही तीन कड्यांची साखळी म्हणजे सुती रंगकामाचे सार होय. यातील पहिली कडी भारतात प्राधान्याने हिरड्याने पुरविली आहे. हिरड्याच्या वाळलेल्या फळात सुमारे तीस टक्के किंवा त्याहून अधिक टॅनिन असते आणि सह्याद्रीच्या उतारावर हे झाड मुबलक आढळते.

नीळ हा या नियमाला अपवाद आहे. ती पाण्यात विरघळत नाही व तिला रंगबंधक लागत नाही. गूळ-चुन्याच्या किंवा आंबवलेल्या कुंडात तिचे क्षपण करून कापड बुडवितात; बाहेर काढताच हवेतील प्राणवायूमुळे ते निळे होते.

३. प्रत्यक्ष प्रक्रिया

भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे सुती कापड किंवा मांजरपाट या दोन्ही तालुक्यांना अगदी जवळ उपलब्ध आहे. त्यावर पुढील क्रमाने संस्कार करावे लागतात.

(अ) धुलाई : कोऱ्या कापडावर विणकामाच्या वेळी दिलेली खळ असते व कापसात नैसर्गिक मेणही असते. कापड रात्रभर भिजवून, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तास-दोन तास उकळून ही द्रव्ये काढतात. ही पायरी कच्ची राहिली तर रंग डागाळतो.

(आ) हिरडा देणे : कापडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के हिरडापूड पाण्यात भिजवून, गाळून, त्या पाण्यात कापड काही तास ते रात्रभर ठेवतात. नंतर न धुता पिळून उन्हात वाळवितात. या पायरीला उष्णता लागत नाही.

(इ) तुरटी देणे : वजनाच्या १५ ते २० टक्के तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड बुडवितात व पुन्हा वाळवितात. गडद छटा हवी असल्यास तुरटीऐवजी किंवा तिच्या जोडीला हिराकस २ ते ४ टक्के वापरतात. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात दोन आठवडे आंबवूनही लोहद्रावण तयार करता येते; कलमकारीतील काळा रंग याच पद्धतीने साधतात. लोहाचे प्रमाण वाढल्यास सुती धागा कमजोर होतो, हे ध्यानात ठेवावे.

(ई) रंग देणे : फुले, साली किंवा टरफले उकळून गाळलेल्या अर्कात कापड पाऊण ते एक तास मंद आचेवर ठेवतात व त्याच पाण्यात थंड होऊ देतात. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडी कढईत पिवळा रंग काळवंडतो.

(उ) अखेरची धुलाई : कापड सावलीत वाळवून काही दिवसांनी सौम्य साबणाने धुतात. पक्केपणा धुण्यासाठी १ ते ५ व प्रकाशासाठी १ ते ८ या श्रेणीत मोजला जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अर्धे कापड झाकून व अर्धे उन्हात ठेवून प्राथमिक तुलना सहज करता येते.

४. रंगबंधक : पहिली अट

वनस्पतीजन्य रंगकामातील सर्वांत घातक द्रव्य बहुधा वनस्पतीतून येतच नाही, ते रंगबंधकातून येते. पोटॅशियम डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. मोरचुदाने छटा सुंदर उतरतात, परंतु त्यातील तांबे मासे व अन्य जलचरांना विषारी असते. पळसाच्या फुलांनी व मोरचुदाने रंगविलेल्या कापडास केवळ फुलांमुळे पर्यावरणपूरक म्हणणे ही आत्मवंचना ठरेल.

हा मुद्दा शहापूर-मुरबाडमध्ये अधिक गंभीर होतो, कारण हा प्रदेश महानगराचे पाणलोट क्षेत्र आहे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव, मोडकसागर व भातसा या शहापूर परिसरातील जलाशयांतून मुंबईला पाणी जाते. बारवीचे पाणी ठाणे जिल्ह्यातील नागरी व औद्योगिक वसाहतींना मिळते. रंगाचे उरलेले पाणी ओढ्यात सोडले तर ते या वसाहतींआधी ओढ्याकाठच्या पाड्याच्या विहिरीत पोहोचते.

यास्तव या भागात क्रोमियम, कथिल व तांबे पूर्णतः वर्ज्य मानून तुरटी व लोह एवढ्यांवरच काम भागविणे योग्य. तुरटीदेखील निरुपद्रवी समजून ओतून देऊ नये. तिचे द्रावण आम्लधर्मी असते. उरलेल्या द्रावणात थोडी तुरटी भरून ते पुढच्या खेपेस वापरता येते. अखेरीस त्यात चुन्याची निवळी टाकल्यास ॲल्युमिनियम साक्याच्या रूपाने खाली बसते व वरचे पाणी वेगळे काढता येते. वजनकाटा व लिटमस कागद एवढ्या साधनांनी ही शिस्त पाळता येते.

५. पाणी आणि इंधन : दुसरी अट

रंगकामात कापडाच्या वजनाच्या साधारण वीस पट पाणी प्रत्येक वेळी घ्यावे लागते. भिजवणे, सोड्यात उकळणे, खळबळणे, हिरडा, तुरटी, रंग आणि अखेरच्या दोन धुलाया असे आठ टप्पे धरले, तर एक किलो कापडाला १६० लिटर पाणी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरविले आहे. म्हणजे एक किलो कापड रंगविणे हे जवळजवळ तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी खर्च करणे होय. धरणांच्या या तालुक्यांतील अनेक गावपाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. त्या काळात तेथे रंगकामाची कार्यशाळा भरविणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार आयोजकांनी केला पाहिजे.

इंधनाचा हिशेब असाच आहे. वीस लिटर पाणी ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ५ मेगाजूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे १६ मेगाजूल ऊर्जा असली, तरी तीन दगडांच्या चुलीत तिच्यापैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्याला मिळते. म्हणजे एका उकळीसाठी दोन ते तीन किलो सरपण हवे. धुलाई व रंग या दोन टप्प्यांनाच उष्णता दिली, तरी एक किलो कापडामागे चार ते सहा किलो लाकूड जळते; पाणी तासभर तापते ठेवायचे तर त्याहून अधिक. जंगल वाचविण्याच्या नावाने सुरू केलेले काम जंगलच जाळू लागते, ते असे.

उपाय अवघड नाहीत. धुलाईचे अखेरचे पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्यास वापरावे. रंगाचे कुंड एकदाच न ओतता त्यातून क्रमाने फिकट छटा काढाव्यात. काळ्या रंगाच्या झाकलेल्या भांड्यात रंगद्रव्य व कापड उन्हात दोन-तीन दिवस मुरत ठेवावे. सुधारित चुलीचा वापर करावा.

६. वनस्पतीचा कोणता भाग ? : तिसरी अट

या दोन तालुक्यांच्या पानझडी वनांत व गावांत सहज मिळणारी रंगद्रव्ये पुढील तक्त्यात दिली आहेत.

तक्ता क्र. १ : उपलब्ध रंगद्रव्ये

| स्रोत | भाग | मिळण्याचा काळ | सुती कापडावरील छटा |
|---|---|---|---|
| हिरडा | फळ | हिवाळा | तुरटीसह फिकट पिवळा, लोहासह करडा ते काळा |
| बेहडा | फळ | हिवाळा | पिवळसर, लोहासह करडा |
| धायटी | फूल | जानेवारी ते एप्रिल | बदामी |
| पळस | फूल | फेब्रुवारी-मार्च | पिवळा ते नारिंगी |
| झेंडू | निर्माल्य | दसरा-दिवाळीनंतर | सोनेरी पिवळा |
| कांदा, डाळिंब | टरफल, साल | वर्षभर | सोनेरी, हिरवट पिवळा |
| साग | कोवळे पान | पावसाळ्याचा आरंभ | तांबूस तपकिरी |
| ऐन | खोडाची साल | वर्षभर | तपकिरी |
| खैर | गाभ्याचे लाकूड | वर्षभर | काताचा तपकिरी |
| बारतोंडी | मुळांची साल | वर्षभर | विटकरी तांबडा |

तक्त्यातील पहिले सात स्रोत फळ, फूल, पान वा टाकाऊ पदार्थ आहेत. ते घेतल्याने झाड मरत नाही. शेवटच्या तीन स्रोतांची गोष्ट वेगळी आहे. खोडाची साल सभोवार सोलली तर ऐन वाळतो. गाभा काढायचा तर खैर तोडावा लागतो. बारतोंडीच्या मुळांतील मोरिंडोन हे द्रव्य कापसाला पक्का तांबडा रंग देते, पण त्यासाठी झाड उपटावे लागते. पूर्वी आल या नावाने तिची शेती होत असे. रानातली झाडे खणून ती उणीव भरून काढणे हा पर्याय नव्हे. म्हणून साल केवळ वैध रीतीने तोडलेल्या झाडांची घ्यावी आणि तांबडा रंग लागवडीशिवाय वापरू नये, हा नियम सुचतो. त्यामुळे छटांची संख्या कमी होईल; परंतु पिवळा, सोनेरी, बदामी, करडा व काळा ही या प्रदेशाची स्वतःची रंगमाला म्हणून प्रतिष्ठित होऊ शकते.

फुलांच्या बाबतीतही मर्यादा हवी. पळसाचा मोहोर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मैना, शिंजीर व मधमाश्यांचे अन्न असतो. एक किलो कापडाला जवळपास तितक्याच वजनाची सुकी फुले लागू शकतात आणि त्यासाठी ओली फुले अनेक पटींनी गोळा करावी लागतात. खाली गळलेलीच फुले वेचावीत, हा संकेत म्हणूनच महत्त्वाचा आहे. मुंबईत मंदिरांतील निर्माल्यापासून कापड रंगविण्याचे यशस्वी प्रयोग झाले आहेत. दसऱ्यानंतर कचऱ्यात जाणारा झेंडू कल्याण-शहापूरच्या बाजारांतून मिळविणे हे जंगलातील फुले तोडण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

७. वनाचा अधिकार आणि कातकऱ्यांचा अनुभव

या प्रदेशात वनस्पतीपासून रंगद्रव्य काढणाऱ्या समाजाचे नावच त्या उद्योगावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करणारे ते कातकरी किंवा काथोडी, अशी या नावाची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, ब्रिटिश सरकारने वनांवर नियंत्रण आणले. खैरतोडीवर निर्बंध आले आणि हा समाज आपल्या मूळ व्यवसायाला मुकला. आज तो महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. या इतिहासातून दुहेरी बोध मिळतो. झाडाच्या गाभ्यावर आधारलेला उद्योग टिकाऊ नसतो, आणि वनावर अधिकार नसलेल्यांचा उद्योग एका कायद्याने संपू शकतो.

सुदैवाने आज कायद्याची चौकट निराळी आहे. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा अधिकार मान्य केला. शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदाही तेथे लागू आहे. तानसा अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन्यजीव कायद्याची बंधने आहेत. कोणत्या वनातून, कोणाच्या संमतीने व किती घ्यायचे, हे ग्रामसभेने ठरविणे हीच योग्य पद्धत होय. जैवविविधता कायदा २००२ नुसार तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत रंगवनस्पतींची नोंद करण्यास महाविद्यालये साहाय्य करू शकतात. वन धन योजनेखाली शहापूर येथील कातकरी युवकांच्या गटाने गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत पोहोचविली, हे उदाहरण ताजे आहे. हिरड्याच्या पुडीबाबत असे का होऊ नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

८. ऋतुमान : चौथी अट

तक्ता क्र. १ बारकाईने पाहिल्यास एक विसंगती लक्षात येते. वनातील बहुतेक रंगद्रव्ये डिसेंबर ते एप्रिलमध्ये मिळतात, तर पाणी मुबलक असते ते जून ते डिसेंबरमध्ये. पावसाळ्यात ऊन नसल्याने कापड वाळत नाही आणि उन्हाळ्यात पाणी नसते. यावरून कामाचे वेळापत्रक आपोआप ठरते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात फळे-फुले वेचून, सावलीत वाळवून, पूड करून कोरड्या डब्यांत साठवावी. आणि प्रत्यक्ष रंगकाम पुढील ऑक्टोबर ते जानेवारी या काळात करावे. तेव्हा ओढ्यांना पाणी असते, ऊन स्वच्छ असते व झेंडूही हाताशी असतो.

या वेळापत्रकाला सामाजिक बाजू आहे. भातकापणी आटोपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत मुलांची शाळाही सुटते. रंगकामाचा योग्य हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे. याचा अर्थ असा की, रंगकामाची मजुरी जर दिवाळीपूर्वी, हातात व खात्रीने मिळाली, तरच ती उचलीला पर्याय ठरेल. कापड विकल्यावर पैसे देण्याची पद्धत येथे निरुपयोगी होय. वर्धा येथे १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयाच्या संस्थेने सेंद्रिय कापूस, खादी व नैसर्गिक रंग यांची सांगड घालून कामाची जी साखळी उभारली, तिचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक ठरेल. तेथे रंगकाम एकटे उभे नसून शेती, विणकाम व विक्री यांच्या आधाराने उभे आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वनस्पतीजन्य रंग हा शाश्वततेचा आरंभ आहे, तिची हमी नव्हे. तुरटी-लोहापुरते रंगबंधक, मोजलेले व पुन्हा वापरलेले पाणी, झाड न मारता घेतलेला भाग आणि ऋतूला धरून आखलेले काम या चार अटी पाळल्या तरच शहापूर-मुरबाडमधील रंगकामाला शाश्वत म्हणता येईल. यांपैकी एकही अट खर्चिक नाही. प्रत्येकीसाठी नोंद ठेवण्याची शिस्त मात्र लागते.

या ठिकाणी महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. वनस्पतिशास्त्र विभागाने रंगवनस्पतींची गणना करावी, रसायनशास्त्र विभागाने सांडपाणी व रंगाचा पक्केपणा तपासावा, अर्थशास्त्र विभागाने मजुरीचा हिशेब मांडावा आणि राष्ट्रीय सेवा योजनेने हे सर्व ग्रामसभेपुढे ठेवावे. एका विषयाच्या चौकटीत न मावणारा हा प्रश्न आहे. ज्या पाड्यावर तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी आपण एक किलो कापडासाठी मागणार आहोत, त्या पाड्याला त्या पाण्याचा हिशेब आणि दिवाळीपूर्वीची मजुरी देणे, हे या विद्येचे पहिले कर्तव्य ठरते.